वर अँटेना, खाली आम्ही

मिल्या,

काल तुह्या पुण्यानुमोदनाले मी आलतो. पांढरा शर्ट घालून, डोक्याले तेल लावून, एकदम शहाण्या माणसावानी. तुह्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, फूल ठेवलं, अन् मंग माईक हातात घेऊन तुह्या पोरापुढं, पन्नास-साठ माणसांपुढं धडधडीत खोटं बोललो. आज दुपारी नेरच्या स्टँडवर गाडी लागून आहे. परतीच्या फेरीले अजून तास-दीड तास आहे, ड्रायव्हर मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून झोपला, अन् मी कंडक्टरच्या सीटवर वही घेऊन बसलो. शुद्ध लिहायचा इचार होता, पण तू हसला असता. 'सुध्या, सरकारी कागद आहे काय बे?' म्हटलं असतं.

तीन महिन्यांपासून तू माह्याजवळ एकच गोष्ट मागत होता. 'एकदा घरी ये, अन् माह्या प्रतीकले त्या रविवारचं खरं सांग. मी सांगतलं तर त्याले पटत नाही. तुह्या तोंडून ऐकू दे.' एवढंच. एक कप चहा होईस्तोवर होणारं काम. तू होता तोवर थे माह्याच्यानं झालं नाही, अन् काल तू नसतानाही झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर मी पुढं गोड गोड आठवणी सांगत बसीन अन् मूळ गोष्ट राहून जाईल. माही सवय तुले माहीत आहे.

पण गोड आठवणीही सांगतोच. त्यायच्याशिवाय आपल्या दोघांत आहे काय?

आमचे बाबा यवतमाळहून टीव्ही घेऊन आलते एसटीत, मांडीवर ठेवून. पूर्ण वाटेनं त्यायनं कोणाले हात लावू देला नाही. लाकडी पेटी, पुढून सरकणारं शटर, शटरले कुलूप. गावातला पहिला टीव्ही. मायनं त्याची पूजा केली. नारळ फोडला अन् काचेवर मधोमध हळदकुंकू लावलं. मंग काय, पुसायची कोणाची हिंमत? पहिला आठवडा आम्ही सारे त्या कुंकवाच्या बोटातूनच बातम्या पाहत होतो. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गालावर रोज कुंकू असायचं, अन् आमच्या मोठ्या आत्याले वाटे का दिल्लीकडं तशीच पद्धत असंल.

पण त्याच्याआधी चित्र यायले पाहिजे होतं न. पहिल्या दिवशी नुसत्या मुंग्या. स्लॅबवर वीस फुटाचा लोखंडी पाइप, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या. बाबा वर जात, पाइप फिरवत, खाली येऊन पाहत, पुन्हा वर जात. चौथ्या खेपेले त्यायचा दम निघाला. तू शाळेतून माह्यासंगं आलता, आंगणात दप्तर घेऊन उभा होता. तू म्हटलं, 'मी जातो न वर.' शिडी बाहेरच्या भिंतीले होती. तू खारीवानी चढला. पाइप धरला, कान खाली लावला, अन् सूत सूत फिरवला. आतून सारे ओरडले, 'आलं! आलं! धरून ठेव!' त्या दिवशी तुही ड्युटी पक्की झाली. तिसरीत होतो आपण.

कशी मजा होती रे. डावं-उजवं चालत नव्हतं, कारण वरच्याचं डावं कोणतं हे खालच्याले कळत नव्हतं. म्हणून आपण गावं धरली होती. 'थोडं दारव्ह्याकडं!' 'जास्त झालं, नेरकडं घे!' पाव्हण्याले वाटे इथं कोणी गाडी मागंपुढं करून राह्यलं. कावळा येऊन काडीवर बसला का चित्र जाये, अन् आम्ही खालून बोंबलत होतो, 'मिल्या, कावळा!' उन्हाळ्यात पाइप तापे, तर तू हाताले फडकं गुंडाळत होता. हिवाळ्यात मायनं तुले एक जुनं स्वेटर देलतं. वर फेकून देलतं, हातात नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहून राह्यलो.

बाबा सगळ्याइले सांगत, 'मिलिंदच्या हाताले गुण आहे.' खरंच होता. पण शिडी बाहेरून होती अन् घरात पाय टाकायची गरज पडत नव्हती, हे बाबा सांगत नव्हते. बौद्धपुऱ्यातले बाकीचे पोट्टे आंगणात बसून खिडकीच्या गजातून जेवढं दिसंल तेवढं पाहत. तू त्यायच्यापेक्षा उंच होता, बाबा तुहं नाव घेऊन बोलत, म्हणून मले वाटे तुहा लय मान आहे. शप्पथ सांगतो, चाळिशी ओलांडली तरी मले तसंच वाटत होतं.

रविवारी सकाळी थो राजपुत्र अन् गुहेतला जादूगार, ती मालिका लागे. तू आवाज ऐके, चित्र नाही. संपली का खाली उतरून माह्यामागं लागे, 'आज काय दिसलं बे?' मी सांगे. पण सरळ सांगीन तर मी सुधाकर कसला. पुड्या सोडत होतो. जादूगाराचे दात हिरवे आहेत म्हणून सांगतलं. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर हिरवे दात! तुनं एका शब्दानं विचारलं नाही का, सुध्या, हिरवे कसे दिसले? राजकन्येच्या वेणीत नाग आहे म्हटलं, गुहेच्या दाराले डोळा आहे म्हटलं. तू तोंड उघडं टाकून ऐके. तू असा ऐके का मलेही वाटे, मी खरंच पाह्यलं. आयुष्यात माहं कोणी तेवढं मन लावून ऐकलं नाही, मिल्या. घरच्यानं नाही, पॅसिंजरनं तर बिलकूल नाही.

तुहे उपकारही लय आहेत. माही पहिली ड्युटी होती तवा भेवानं माहे हात थंडे पडलते. दारव्हा स्टँडवर तू चढला, 'एक नेर' म्हटलं, अन् पूर्ण वाटेनं माह्याकडं पाहून मिशीत हसत बसला. नेरले उतरला अन् परतीच्या गाडीनं वापस. काही काम नव्हतं तुहं नेरले. एवढं करणारा माणूस मले दुसरा भेटला नाही.

तू डिशच्या कामात गेला तवा सारं गाव म्हणे, जाणारच, लहानपणापासून छतावरच आहे. दारव्हा, नेर, तिकडं महागावपर्यंत तुह्या हातच्या छत्र्या आहेत. आजही गाडीच्या खिडकीतून पाहत जातो, ही मिल्याची, ही मिल्याची. आता कोणी त्यायच्याकडं पाहत नाही. कोणी एक छत्री काढून उलटी करून कोंबड्यांले पाणी ठेवलं. पोट्ट्यायले सारं मोबाइलमधी दिसते. तुले फोन येणं बंद झालं, अन् तू पुन्हा आपल्या दोन एकरात कापसाची पऱ्हाटी पेरायले लागला, ज्या साली कोणीच पेरायले नको होती.

स्टँडसमोरच्या टपरीवर आपली रोजची भांडणं होत त्या पोट्ट्यायवरूनच. मी म्हणे, 'काय ही पिढी बे! कानात बोळे, मान खाली. म्हातारी उभी असते, हे उठत नाही. तिकीट म्हटलं का हात पुढं करते, तोंड वर करत नाही. वावर म्हटलं का नाक मुरडते. पोरी म्हणते शेतकरी नवरा नको, पोट्टे म्हणते गावच नको. आपण कसे होतो? एका खोलीत सारं गाव बसे!' तू बशीत चहा ओतून फुकत राहे. मंग म्हणे, 'वावरात काय ठेवलं आहे त्यायच्यासाठी? अळीच न? मान वर करून पाहायले आपण ठेवलं काय?' मी चिडे. तू अजून म्हणे, 'तुले राग कायचा येते सांगू? थे तुले इचारत नाही याचा येते.' अन् त्या दिवशी चहा मले पाजावा लागे. एका खोलीत सारं गाव, या माह्या बोलण्यावर मात्र तू काही म्हणत नव्हता. बशीकडं पाहत राहे. मले वाटे तुले पटलं.

तुले पटलं म्हणून मी थे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. कुठूनतरी आलेला शटरवाल्या टीव्हीचा फोटो, खाली मजकूर, अन् त्यात माह्या चार ओळी. 'आमच्या काळी गावात एक टीव्ही. सारं गाव एका खोलीत. ना जात ना पात. आज घरात पाच माणसं अन् सहा मोबाइल. कुठे गेले ते दिवस?' खाली सुधाकर, दारव्हा डेपो. अंगठे आले, फुलं आली. मी छाती काढून फिरून राह्यलतो. दुपारी तुह्या प्रतीकचा एक ओळीचा मेसेज आला, नागपूरहून. 'काका, माझे बाबा कुठे बसायचे?'

दोनशे माणसं त्या ग्रुपवर, मिल्या. एकानं हात जोडले. एकानं अळीच्या औषधाची जाहिरात टाकली. मले वाटलं, पोरगं गंमत करून राह्यलं, आपणही गंमत करू. मी लिहिलं, 'अरे तुझे बाबा तर आमचे डायरेक्टर! ते वर छतावर नसते तर आम्हाला चित्रच दिसलं नसतं!' त्याच्यावर हसणारी तोंडं चिकटवली. त्यानं लिहिलं, 'म्हणजे आत नाही.' अन् ग्रुप सोडून गेला.

मले काय माहीत तुनं घरी काय सांगून ठेवलं! तू प्रतीकले लहानपणापासून सांगत आलता, का आपण पहिल्या रांगेत बसत होतो, सुध्याच्या मांडीले मांडी लावून. झोपवताना त्याच गोष्टी. हिरव्या दाताचा जादूगार, वेणीतला नाग, दाराचा डोळा. माह्या पुड्या तुनं तुह्या पोराले खाऊ घातल्या. अन् आताचं पोरगं थे. त्यानं मोबाइलवर जुनी मालिका शोधून काढली, सुट्टीत घरी आल्यावर तुले बाजूले बसवलं अन् एकेक भाग दाखवला. नाग नाही, डोळा नाही. दात आपल्यासारखेच. 'बाबा, तुम्ही पाहिलंच नाही ना हे?' तुनं हे मले टपरीवर हसत हसत सांगतलं.

मंग त्यानं तुह्याशी बोलणं टाकलं. तू सांगत होता, 'थो म्हणते, बाबा, तुम्हाले आत घेतलं नाही याचा मले राग नाही, तुम्ही त्याच्यात खूष होते याचा आहे. तुम्हाले कधी खाली यावंसंही वाटलं नाही? त्याले वाटते मी लाचार होतो, सुध्या. मले हिंमतच नव्हती असं वाटते त्याले.' अन् मंग तू माहा हात धरला. आपण कधी एकमेकाचा हात धरला नव्हता. 'तुले तर माहीत आहे न, मी एकदा आलतो खाली. मी त्याले सांगतलं. थो म्हणते, हेही हिरव्या दातासारखंच. तू सांग त्याले. बाकी काही नको सांगू. मी दारापर्यंत आलतो, एवढं सांग.'

मी म्हटलं, 'येतो न, येत्या रविवारी येतो.'

आता थो रविवार लिहितो. मालिकेचा शेवटचा भाग होता. शनिवारी शाळेतून येताना तू म्हटलं, 'उद्या मी वर नाही जात. पाइप पक्का बांधून देतो अन् खाली बसून पाहतो.' मी म्हटलं, 'ये, तुही जागा धरून ठेवतो.' मनापासून म्हटलं होतं. सकाळी तू लवकर आला. तार आणलती घरून. पाइप सेट केला, तार गुंडाळून गुंडाळून कठड्याच्या सळाखीले करकचून बांधला. चित्र असं आलं का आमच्या घरी कधी आलं नव्हतं. राजपुत्राच्या कपाळावरचा घाम दिसत होता. खोली खच्च भरलती. बायका, माणसं, पोरं, दारव्ह्याचे पाव्हणेसुद्धा. माह्या बाजूले मी सतरंजीवर हात पसरून ठेवलता. कोणी बसायले आलं का म्हणे, 'मिल्याची आहे.'

तू उतरला. टाक्यावर पाय धुतले. शर्टाच्या टोकानं पुसले. अन् उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, एक पाय उचललेला. बाबानं तुह्याकडं पाह्यलं नाही. त्यायनं माह्याकडं पाह्यलं. बोलले काही नाही, रागानं पण नाही, नुसतं पाह्यलं. अन् मी हात जागेवरून उचलला नाही. मी म्हटलं, 'मिल्या, चित्र हालून राह्यलं बे, वर जाय.'

तुनं टीव्हीकडं पाह्यलं. हालत नव्हतं. तू पाहत होता थे मी पाहत होतो. तुहं तोंड मले दिसत होतं. मंग तू 'बरं' म्हटलं अन् गेला. थोड्या वेळानं वरून तुहा आवाज आला, 'आता आलं का बे?' अन् मी खालून जोरात ओरडलो, 'आलं!' सारी खोली हसली. कार्यक्रम संपल्यावर तू खाली येऊन नेहमीसारखंच विचारलं, 'शेवटी काय झालं?' मी सांगतलं. त्या दिवशी एकही पुडी सोडली नाही, सारं खरं खरं सांगतलं. बारा वर्षाच्या पोराले तेवढीच माफी मागता आली.

पण बारा वर्षाचा मी किती दिवस राहीन? त्याच्यानंतर तीस वर्षं होती माह्याजवळ. रोजचा चहा होता. तुनं कधी विषय काढला नाही अन् मी समजलो, इसरला असंल. पोरपणी होते असं, म्हणून स्वतःले समजावत राह्यलो. अन् वरून जगाले सांगत फिरलो, ना जात ना पात.

येत्या रविवारी येतो म्हटलं, थो रविवार गेला. मंग डबल ड्युटी होती. मंग पोळा आला. मंग फवारणी. यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, बोंडं धरली अन् आतून सारी किडली. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी बसलेली. जो थो पंप पाठीवर घेऊन त्या जंगलात घुसून राह्यलता, औषधात औषध मिसळून. तूही घुसला. दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी तुह्या घरून रेखा वहिनीचा फोन आला का यायच्या डोळ्यानं दिसत नाही, उलट्या होऊन राह्यल्या, गाडी पाहा.

यवतमाळच्या दवाखान्यात तू पाच दिवस होता. तिथं तुह्यासारखे फवारणीचं विष चढलेले लय होते, गावोगावचे, ओळीनं. मी चौथ्या दिवशी आलो. तुहे डोळे लाल गोळे झालते, माणूस दिसत नव्हता, आवाजावरून ओळखलं. 'सुध्या, आला बे?' मी म्हटलं, 'आलो.' तू म्हटलं, 'प्रतीक बाहेर आहे, बाकड्यावर. चार दिवसापासून इथंच आहे. माहा घाम पुसते, दवा देते, पण बोलत नाही. आता सांग त्याले.' मी बाहेर गेलोही. थो भिंतीले डोकं टेकून बसलता, हातात मोबाइल होता पण बंद. मी बाजूले बसलो. 'जेवला काय बाबू?' म्हटलं. त्यानं मान हालवली. अन् मी आत येऊन तुले म्हटलं, 'अरे, तू बरा हो, घरी गेल्यावर तिघंही बसून मस्त सांगू.' तुनं तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तू गेला, अन् मी त्या वेळी दारव्ह्याच्या स्टँडवर तिकिटं फाडत होतो.

काल बुद्धवंदना झाली, दोघं-तिघं बोलले. मंग प्रतीक उठला. तुहीच उंची, तुहंच नाक. माईकवर म्हणे, 'बाबांचे लहानपणचे मित्र सुधाकर काका आले आहेत. बाबा म्हणायचे, त्यांना काही सांगायचं आहे.' अन् माईक माह्या हातात देऊन समोर खाली मांडी घालून बसला. पोट्टं माह्याकडं पाहून राह्यलं, मिल्या. मान वर करून. आजकालचे पोट्टे मान वर करत नाही म्हणून मी किती बोंबललो होतो.

पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आमचे बाबा होते. ऐंशीच्या वर गेले, काठी धरून आलते, तुह्यासाठी. बौद्धपुऱ्यात कोणाच्या दारात बसायची त्यायची पहिलीच वेळ. लोकाइले त्याचंच कौतुक. मी तोंड उघडलं, अन् बाबानं माह्याकडं पाह्यलं. काही नाही, नुसतं पाह्यलं. म्हातारे डोळे, पाणी येणारे. अन् माह्या तोंडातून काय निघालं? 'मिलिंद आमच्या घरातलाच होता. माझ्या मांडीला मांडी लावून टीव्ही पाहायचा.' सारी माणसं मान हालवत होती. कोणी तरी पदर डोळ्याले लावला. तुह्याच खोट्याले मी गावाचा शिक्का मारला. मले क्षणभर असंही वाटलं, का मी तुही लाज राखली. एवढा बह्याड माणूस आहे मी.

निघालो तवा बाबा माह्या खांद्याले धरून चपला शोधून राह्यलते. प्रतीक चहाचे कप घेऊन आला. बाबाले कप देला, मले देला. मंग हळूच, एकदम अदबीनं म्हणे, 'काका, एक विचारू? बाबा म्हणत होते, एकदा ते खाली आले होते. दारापर्यंत. पाय धुऊन. तुम्ही होते तिथं. खरं आहे का?'

'हो' म्हणायले काय लागत होतं? एक शब्द. बाबाचा हात माह्या खांद्यावर होता. थो हात काही जड झाला नाही, त्यायनं काही खूणही केली नाही. त्यायले आता ऐकूही कमी येते. मी बाबाचं नाव पुढं करून राह्यलो, पण बाबाचा दोष नाही. माहा आहे. मी म्हटलं, 'लय वर्षं झाली रे बाबू. आता एवढं आठवत नाही.'

तू म्हणशील, अजून काय बिघडलं, फोन लाव त्याले. सकाळपासून तीनदा नंबर काढला. मी मले ओळखतो, मिल्या. बटण दाबायची वेळ आली का मले दुसरं काही तरी आठवते. तिकीट मशीनचा रोल संपलेला आठवते. ही वहीसुद्धा मी कोणाले दाखवणार नाही, घरी पत्र्याच्या पेटीत जाईल. तुले लिहिणं सोपं आहे, कारण तू वाचत नाही.

काल मी 'आठवत नाही' म्हटलं तवा प्रतीक तिथंच उभा होता, हातात रिकामा ट्रे. थो रडला नाही, माह्यावर चिडला पण नाही. तुह्या फोटोकडं एकदा पाह्यलं त्यानं, अन् म्हणे, 'म्हणजे हेही बाबांनी बनवूनच सांगितलं.'

मी चहा पीत उभा होतो. मी त्याले 'नाही' म्हटलं नाही.